बैलाच्या खांद्यावरील दाब : तो डोळ्यांस दिसावा म्हणून एक साधन

बेंदराच्या आदल्या सायंकाळीं आपल्या भागांत खांदमळणी होते. हळद व तूप कोमट करून बैलाच्या खांद्यास हलक्या हातानें चोळतात, घरची सुवासिनी त्यास ओवाळते, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. जनावराच्या अंगांत सर्वांत अधिक सोसणारा अवयव म्हणजे खांदा, हें आपल्या वाडवडिलांनीं ओळखलें होतें, एवढें या चालीवरून सिद्ध होतें. परंतु वर्षाच्या बाकीच्या दिवसांत त्या खांद्यावर नेमका किती दाब पडतो, आणि तो खांद्याच्या कोणत्या भागावर पडतो, याचा हिशेब मात्र आपण कधीं ठेवीत नाहीं. गाडींत भार किती, हें आपण विचारतों. कारखान्याचा वजनकांटा तें किलोपर्यंत सांगतो. खांद्यावर दाब किती, हें सांगणारा कांटा मात्र गांवांत नाहीं. तसें एक साधन आतां उपलब्ध आहे, व तें कागदाइतकें पातळ आहे. त्याची माहिती, त्याचा उपयोग व त्याच्या मर्यादा वाचकांपुढें ठेवण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

गतवर्षीची हकीकत

प्रस्तुत लेखक तहसील कचेरींत कारकुनी करून निवृत्त झालेला एक सामान्य मनुष्य आहे. पशुवैद्यकाचा किंवा यंत्रशास्त्राचा अधिकार तो सांगत नाहीं. हा विषय त्याच्या दारांत आपण होऊन आला, तो असा. आमच्या मळ्याच्या बांधालगत दरसाल दिवाळीनंतर बीडकडील ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या पडतात. गतवर्षीं त्यांपैकीं एका गाडीवानाच्या डाव्या बैलास पौष महिन्यांत खांदेसूज आली. आरंभीं खांद्यावरचे केस गेले व कातडी चकचकीत दिसूं लागली; मग लिंबाएवढी गांठ आली, ती वाढतां वाढतां नारळाएवढी झाली, आणि शेवटीं कातडी फुटून पाणी वाहूं लागलें. पशुवैद्यांनीं औषध दिलें व जूं ठेवूं नका असें बजावलें. मींही तेंच सांगितलें. तेव्हां तो म्हणाला, "अण्णा, बैल बसवला तर उचल कशी फिटायची?"

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामांतच फेडावयाची असते. जोडींतील एक बैल बसला कीं दुसराही बसतो, आणि गाडी उभी राहिली कीं कोपींतली चूल थंडावते. त्यानें सुजेवर गोणपाटाची घडी बांधली व गाडी जुंपली. फाल्गुनांत तो बैल बाजारांत गेला, आणि मिळेल त्या किंमतीस विकला गेला.

त्या वेळीं माझ्या मनांत एक शंका राहून गेली. दोन्ही बैल सारख्याच वयाचे व सारख्याच उंचीचे, गाडी एक, रस्ता एक, जूंही एकच. मग सूज डाव्यासच कां यावी? भार तर दोघांवर सारखाच होता.

भार निराळा, दाब निराळा

या शंकेचें उत्तर भार व दाब यांच्यांतील भेदांत आहे. पावसाळ्यांत चिखलावर फळी टाकून तिच्यावरून चाललें तर पाय रुतत नाहीं. फळी काढली कीं तोच मनुष्य घोट्यापर्यंत रुततो. मनुष्याचें वजन तेंच असतें, तें किती जागेवर पसरलें एवढाच फरक. भाराला जागेनें भागिलें असतां जें येतें, तो दाब होय. शरीरास इजा होते ती या दाबानें.

एक उदाहरण घेऊं. समजा, गाडींत १५०० किलो ऊस भरला आहे आणि आंखापासून जुंवापर्यंतचें अंतर ३ मीटर आहे. उसाच्या भाराचा मध्य बरोबर आंखावर असला, तर जुंवावर गाडीच्या दांडीखेरीज फारसें वजन येत नाहीं. तोच मध्य आंखाच्या पुढें २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर सरकला, कीं जुंवावर १०० किलो येतात. प्रत्येक बैलाच्या मानेवर ५०. उलट तो मागें सरकला तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें, व गळ्याखालची दोरी बैलास आवळते. म्हणजे मोळ्या रचतांना वीतभर इकडे कीं तिकडे, यावर पुढचा सारा प्रकार अवलंबून असतो.

आतां हे ५० किलो जर २५० चौरस सेंटिमीटर जागेवर सारखे पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरास २०० ग्रॅम दाब झाला. परंतु जुंवाचा खालचा भाग उंचसखल असेल, आणि त्याचा खरा स्पर्श केवळ ४० चौरस सेंटिमीटर जागेवर होत असेल, तर त्याच ५० किलोंचा दाब दर चौरस सेंटिमीटरास १२५० ग्रॅम होतो. भार गुंजभरही वाढला नाहीं. दाब मात्र सहापट झाला. वजनकांट्यास हा फरक कधींच कळावयाचा नाहीं.

थोडा दाब व मोठी जखम

दर चौरस सेंटिमीटरास दोनशें ग्रॅम, म्हणजे आपल्या समजुतीनें कांहींच नव्हे. परंतु वाचकांनीं आपल्या अंगठ्याचें नख दुसऱ्या बोटानें दाबून पाहावें. नखाखालची लाली जाऊन जागा पांढरी पडते. बोट काढलें कीं लाली परत येते. पांढरें पडणें याचा अर्थ तेथील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटल्या. वैद्यकांत असें मानतात कीं, मनुष्याच्या कातडींतील या वाहिन्यांमध्यें रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३२ मिलिमीटरइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास अवघा ४४ ग्रॅम असतो. बाहेरून त्याहून अधिक दाब पुष्कळ वेळ राहिला, तर त्या जागेचें रक्त तुटतें व मांस मरूं लागतें. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते ती याचसाठीं. बैलाची कातडी मनुष्याहून जाड आहे, म्हणून हा आंकडा त्यास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. परंतु रक्तावांचून मांस जगत नाहीं, हा नियम दोघांसही एकच आहे.

या बाबतींत डॉ. पॉल ब्रँड यांचें कार्य स्मरणीय आहे. हे शल्यवैद्य १९१४ सालीं तामिळनाडूंतील कोल्ली टेंकड्यांत जन्मले, व १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत त्यांनीं कुष्ठरुग्णांची सेवा केली. कुष्ठरोग्याच्या पायास ज्या जखमा होतात, त्या रोगानें मांस आपोआप सडून होतात, असा त्या काळीं सर्वत्र समज होता. ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, रोगानें केवळ संवेदना जाते. जखम होते ती चालतांना त्याच त्याच ठिकाणीं पुन्हा पुन्हा पडणाऱ्या मध्यम दाबानें. आपल्यास पाय दुखला कीं आपण न कळत पाऊल बदलतों. त्या रुग्णास दुखतच नाहीं, म्हणून तो बदलीत नाहीं. १९६६ सालीं ते अमेरिकेंत लुइझियाना संस्थानांतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले. तेथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक पायमोजा तयार केला, ज्यांत रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्या बसविलेल्या होत्या. रुग्ण तो घालून चालला कीं जेथें दाब अधिक, तेथील कुप्या फुटून रंग उमटे, आणि बुटाचा कोणता भाग पायास खातो तें जखम होण्यापूर्वींच डोळ्यांस दिसे.

बैलास संवेदना आहे, पण पाऊल बदलण्याची मुभा नाहीं. त्यास दुखतें, परंतु जूं बदलणें त्याच्या हातीं नाहीं, व कोठें दुखतें हें सांगणेंही त्याच्या हातीं नाहीं. म्हणून जो विचार त्या रुग्णांच्या पायांसाठीं झाला, तोच येथें उपयोगी पडण्यासारखा आहे.

साधन कसें आहे

ज्यांनीं कचेरीच्या पावत्या पाहिल्या आहेत त्यांस हें साधन समजण्यास अडचण पडूं नये. पूर्वीं पावतीची नक्कल ठेवावयाची तर दोन कागदांमध्यें काळा कार्बन कागद घालावा लागे. दिवस मावळेपर्यंत कारकुनाचीं बोटें काळीं होत. पुढें कार्बनावांचून नक्कल उमटणारीं पुस्तकें आलीं. हा शोध अमेरिकेंतील डेटन शहरच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत लागला, व तो कागद १९५४ च्या सुमारास बाजारांत आला. त्यांत वरच्या कागदाच्या पाठीवर सूक्ष्म कुप्यांचा लेप असतो; कुप्यांत रंग असतो, परंतु तो अद्याप न खुललेला, म्हणून दिसत नाहीं. खालच्या कागदाच्या तोंडावर तो रंग खुलविणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. लेखणीचा दाब पडला कीं कुप्या फुटतात, दोन द्रव्यें भेटतात, आणि अक्षर उमटतें.

हेंच तत्त्व घेऊन जपानच्या फुजीफिल्म कंपनीनें दाब मोजण्याची फिल्म तयार केली. तिचें व्यापारी नांव प्रीस्केल. हलक्या दाबाच्या प्रकारांत दोन पातळ फिल्मा असतात. एकीवर रंगाच्या कुप्या, दुसरीवर रंग खुलविणारा लेप. दोघींच्या खरबरीत बाजू एकमेकींस लावून त्या दोन वस्तूंच्या मध्यें ठेवावयाच्या. दोन्ही मिळून जाडी सुमारें ०.२ मिलिमीटर भरते, म्हणून त्यांच्या मध्यें येण्यानें मूळ स्पर्श फारसा बदलत नाहीं. कुप्या लहानमोठ्या असून कांहीं थोड्या दाबानें फुटतात, कांहींस अधिक दाब लागतो. त्यामुळें दाब जसा वाढेल तसा रंग फिकट गुलाबीपासून गडद तांबड्यापर्यंत चढत जातो. कंपनीच्या रंगतक्त्याशीं ताडून पाहिलें असतां दाबाचा अजमास डोळ्यांनींच करतां येतो. यंत्रानें रंगाची घनता मोजल्यास अधिक अचूक आंकडा निघतो.

ही फिल्म निरनिराळ्या दाबांसाठीं निरनिराळी मिळते. लोखंडी यंत्रांच्या जोडांसाठीं जी असते, ती दर चौरस सेंटिमीटरास शेंकडों किलोंचा दाब दाखविते; ती आपल्या कामाची नव्हे. सर्वांत हलकी जी आहे ती सुमारें ६० ग्रॅमपासून ५०० ग्रॅमपर्यंत, आणि तिच्या वरची ५०० ग्रॅमपासून २ किलोपर्यंत दाब दाखविते. वर दिलेल्या उदाहरणांतील २०० ग्रॅम पहिलीच्या टप्प्यांत येतात, १२५० ग्रॅम दुसरीच्या. म्हणजे बैलाच्या खांद्याचा प्रश्न या दोन प्रकारांत बहुतेक बसतो.

आम्हीं केलेला प्रयोग

यंदा दिवाळीनंतर तोच गाडीवान, उसनवारीनें घेतलेला दुसरा बैल जुंपून, परत आला. बैल नवा होता. जूं मात्र तेंच होतें. माझा भाचा एका कारखान्यांत यंत्रें जोडण्याच्या कामावर आहे. त्याच्याकडे या दोन्ही प्रकारच्या फिल्मचे उरलेले तुकडे होते, ते त्यानें आणले.

वक्र जागेवर रुंद तुकडा ठेवला तर त्यास सुरकुत्या पडतात व सुरकुतीवर खोटा रंग उमटतो. म्हणून आम्हीं बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. घामाचा ओलावा लागूं नये म्हणून त्या पातळ प्लास्टिकच्या पिशवींत घातल्या, व जुंवाच्या खालच्या अंगास एकीशेजारीं एक, हलक्या व जड दाबाच्या आळीपाळीनें, चिकटपट्टीनें लावल्या. गाडी नेहमींप्रमाणें भरलेली होती. सकाळच्या गारव्यांत, बैल उभे असतांना, जूं सावकाश खांद्यावर ठेविलें, दोन मिनिटें मोजलीं, आणि सरळ वर उचलून घेतलें.

पट्ट्या उलगडल्या तेव्हां उजव्या बैलाकडील भागावर साधारण सारखी गुलाबी छटा होती. डाव्या बैलाकडे वशिंडाच्या बाजूस, शिवळेच्या जवळ, दोन ठिकाणीं रुपयाएवढे गडद तांबडे डाग होते. सर्वांत हलक्या फिल्मचा रंग तेथें शेवटास पोंचला होता, म्हणजे दाब ५०० ग्रॅमच्या वर होता. शेजारच्या पट्टीवरून तो तक्त्याप्रमाणें किलोच्या आसपास वाटला. डागांच्या मधली जागा फिकट, आणि बाहेरचें टोंक कोरें पांढरें. गतवर्षीं गांठ जेथें आली, तीच ही जागा.

मग जूं उलटें करून पाहिलें. वर्षांनुवर्षांच्या घर्षणानें लांकूड मध्यें झिजून खोलगट झालें होतें, व दोन्ही बाजूंस न झिजलेले दोन उंचवटे राहिले होते. हात फिरविला तर ते लागत होते, पण सांगितल्यावर. त्यापूर्वीं तेच जूं आम्हीं सर्वांनीं अनेक वेळां हाताळलें होतें, आणि तें गुळगुळीत आहे म्हणून चांगलें आहे, असें प्रत्येकानें म्हटलें होतें. सुतारानें ते उंचवटे वाकसानें तासून कानशीनें घांसले. दुसऱ्या दिवशीं नव्या पट्ट्या लावून पुन्हा पाहिलें. तांबडे डाग गेले, गुलाबी छटा जवळजवळ सर्व जागेवर पसरली. गाडीवान दोन्ही दिवसांच्या पट्ट्या शेजारीं शेजारीं धरून बराच वेळ पाहत होता. नंतर एवढेंच म्हणाला, "माझ्या भावाचं जूं बी बघा, अण्णा."

हें लिहीपर्यंत त्याच्या नव्या बैलाचा खांदा स्वच्छ आहे. याचें सर्व श्रेय फिल्मला देणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. कारण त्याच दिवसापासून त्यानें मोळ्या पुढें कमी रचण्यास आरंभ केला, व कारखान्याच्या रांगेंत गाडी उभी असतांना बैल सोडण्याचा नियम ठेविला. अनेक उपाय एकदम केले असतां कोणत्यानें किती गुण आला हें सांगतां येत नाहीं. परंतु दोष कोठें आहे हें दिसलें नसतें, तर यांतील एकही उपाय झाला नसता.

मर्यादा व काळजी

या साधनाच्या मर्यादा ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. एक, फिल्म एकदांच वापरतां येते. फुटलेली कुपी पुन्हा भरत नाहीं. दोन, ती जास्तींत जास्त पडलेला दाब दाखविते. तो किती वेळ राहिला किंवा किती वेळां आला, हें सांगत नाहीं. म्हणून चालत्या गाडींत ती ठेविली तर रस्त्याच्या एका गचक्याचाच रंग शेवटीं उरतो. तीन, जूं घसरलें किंवा घांसलें तर त्यानेंही रंग उमटतो, व तो दाबाचा समजून फसगत होते. चार, उष्णता व हवेंतील ओलावा यांनीं रंगाचा गडदपणा बदलतो. त्यासाठीं तक्त्यांत निरनिराळ्या रेषा दिलेल्या असतात. इंदापूरच्या चैत्रांतल्या भर दुपारीं केलेल्या मापावर विसंबूं नये. पांच, आणि हें सर्वांत महत्त्वाचें : पट्टी पांढरी राहिली म्हणून दाब नाहीं असें नव्हे. सर्वांत हलकी फिल्मही ६० ग्रॅमच्या खालीं मुकी असते.

फिल्म नसेल तर

ही फिल्म एकट्या शेतकऱ्यानें विकत घ्यावी इतकी स्वस्त नाहीं. परंतु स्पर्श कोठें होतो, एवढेंच पाहावयाचें असेल, तर घरगुती उपाय पुरतो. वालचंदनगरसारख्या ठिकाणीं जेथें मोठमोठीं दंतचक्रें तयार होतात, तेथें कारागीर एका दातास निळा रंग पुसटसा लावून चक्र फिरवितात, व दुसऱ्या दातावर तो कोठें उतरला यावरून जोड पारखतात. असल्या कामांत ही रीत सर्वत्र आहे. आपला सुतारही चौकटीचा सांधा बसवितांना गेरू लावून हेंच करतो. त्याप्रमाणें जुंवाच्या खालच्या अंगास काजळ व तेल यांचा पातळ हात द्यावा, बैलाच्या खांद्यावर पांढरें धुतलेलें फडकें ताणून घालावें, व भरल्या गाडीचें जूं क्षणभर ठेवून उचलावें. फडक्यावर काळें उमटलें तेवढाच खरा स्पर्श. दोन पांढऱ्या कागदांमध्यें कार्बन कागद घालूनही असाच ठसा मिळतो. यांत दाबाचें माप मिळत नाहीं, परंतु खांद्यावर जूं टेंकतें कोठें हें निश्चित कळतें; आणि पुष्कळदां तेवढेंच पुरेसें असतें.

दोष दिसल्यावर उपाय कठीण नाहींत. उंचवटे तासावेत; कडा गोल कराव्यात; गादी लावणें असेल तर ती सर्व जागेवर सारखी असावी. सुजेवर गोणपाटाची घडी बांधणें हा उपाय नसून अपाय आहे, कारण ज्या जागेस दाब नको तेथेंच ती जाडी वाढविते. मोळ्या अशा रचाव्यात कीं, भरली गाडी एका माणसास जूं धरून उचलतां यावी, आणि सोडली असतां ती मागेंही कलंडूं नये. २०२२ सालीं सांगली जिल्ह्यांतील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं 'सारथी' नांवाची योजना करून दाखविली. तींत गाडीच्या पुढच्या भागास तिसरें लहान चाक बसवून मानेवरचा भार त्या चाकावर घेतला आहे. तीही विचारांत घेण्यासारखी आहे.

कायद्यानें या बाबतींत कांहीं मर्यादा घातल्या आहेत, त्या प्रत्येक गाडीवानास ठाऊक असाव्यात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये जखमी किंवा व्रण असलेल्या जनावरास कामास जुंपणें हा अपराध आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणें ओढकामाच्या जनावराकडून दिवसांत नऊ तासांपेक्षां अधिक, व विश्रांतीवांचून सलग पांच तासांपेक्षां अधिक काम घेतां येत नाहीं. तसेंच जेथें उष्णता ३७ अंशांवर जाते तेथें दुपारीं बारापासून तीनपर्यंत जुंपतां येत नाहीं. गाडीच्या भारासही त्यांत मर्यादा आहे. येणेंप्रमाणें कायदा वजन मोजतो, तास मोजतो, व झालेली जखम पाहतो. जखम होण्यापूर्वींचा दाब पाहणें हें मालकाचें काम आहे.

फळांच्या बाबतींत

हाच विचार आपल्या फळबागांसही लागू आहे, म्हणून दोन शब्द लिहितों. इंदापूरचें डाळिंब व पेरू क्रेटमध्यें भरून दूरच्या बाजारांत जातात. फळ गोल असल्यामुळें दुसऱ्या फळास किंवा क्रेटच्या फळीस त्याचा स्पर्श फार लहान जागेवर होतो. समजा, ३०० ग्रॅमचा पेरू कठीण तळावर दीड चौरस सेंटिमीटर जागेवर टेंकला आहे. तर तेथें दर चौरस सेंटिमीटरास २०० ग्रॅम दाब झाला. त्याच्यावर आणखी थर आले कीं तो वाढत जातो, व वाटेंतील गचक्यांनीं क्षणाक्षणास त्याहूनही वर चढतो. भरतांना फळ निर्मळ असतें. डाग तिसऱ्या दिवशीं व्यापाऱ्याच्या गाळ्यावर दिसतो, आणि भाव पडतो तो बागाइतदाराचा. परदेशांत सफरचंदाच्या इजेचा अभ्यास अशाच दाबदर्शक फिल्मनें झालेला आहे. क्रेटच्या तळाशीं व कडांस या फिल्मच्या पट्ट्या लावून एक खेप बाजारापर्यंत नेली, तर अस्तर कोठें हवें व थर किती असावेत, हें आपल्यास तांबड्या रंगांत लिहून मिळेल. चालत्या गाडींत फिल्म शेवटीं मोठ्यांत मोठा गचका दाखविते, असें वर म्हटलें. येथें तर तोच पाहावयाचा आहे.

एक सूचना

शेवटीं एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इतके सहकारी साखर कारखाने आहेत, आणि बैलगाडीनें येणारा ऊस अद्याप बंद झालेला नाहीं. आपल्या संघानें दोन्ही हलक्या प्रकारच्या फिल्मची एकेक गुंडाळी व एक रंगतक्ता विकत घेऊन ठेवावा, बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील जाणत्यांचें व तालुक्याच्या पशुवैद्यांचें साहाय्य मागावें, आणि हंगामाच्या आरंभीं एखाद्या गाडीतळावर दोन दिवस बसून येईल त्या गाडीचें जूं तपासून द्यावें. एका जुंवास बोटभर रुंदीच्या थोड्या पट्ट्या लागतात, सुतारास अर्ध्या तासाचें काम लागतें. खर्च वांटून घेतला तर तो एका बैलाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.

गाड्या घेऊन येणारे हे लोक आपले पाहुणे आहेत. आपला ऊस त्यांच्या बैलांच्या खांद्यावरून कारखान्यांत जातो. बेंदराच्या सणास ते आपापल्या गांवीं असतात. त्या खांद्यास त्या दिवशीं हळद-तूप चोळणें आपल्या वांट्यास येत नाहीं. हंगामापूर्वीं जूं पाहून देणें मात्र आपल्या वांट्यास येऊं शकतें. गतवर्षीं बैल बाजारांत गेला तेव्हां उचलीच्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें, तें आजही नाहीं. परंतु जो बैल बसण्याची वेळच येऊं दिली नाहीं, त्याच्यापुरता तो प्रश्न उपस्थित होत नाहीं, एवढें समजलें आहे. व तेवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच केला आहे.